हलू नकोस हं, मुंबई!

फोटो काढणारे काका नेहमी काय सांगतात? "हलू नका!" लग्नात, गॅदरिंगला, वर्गाच्या ग्रुप फोटोच्या वेळी, सगळीकडे हेच एक वाक्य. आपण श्वास रोखून, दात दाखवून उभे राहतो आणि शेवटच्या रांगेतलं कोणीतरी नेमकं त्याच क्षणी नाक खाजवतं.

आता समजा, एका फोटोग्राफरला असं गिऱ्हाईक मिळालं की जे जागचं तसूभरही हलत नाही. कोण हे शहाणं गिऱ्हाईक? आख्खी मुंबई! कुलाब्यापासून दहिसरपर्यंतची, रात्री सगळे दिवे लावून बसलेली. मग अडचण काय? अडचण ही, की इथे फोटोग्राफरच हलतो. आणि हलतो म्हणजे किती, तर सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त!

हा फोटोग्राफर राहतो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात, आपल्या डोक्यावर साधारण ४०० किलोमीटर उंचीवर. हे स्थानक ताशी जवळजवळ २८ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती धावत असतं. सुमारे ९२ मिनिटांत त्याची एक फेरी पूर्ण होते. मुंबई ते नागपूर एवढं अंतर, नकाशावर पट्टी ठेवून सरळ मोजलं तर, ते दीड मिनिटात कापतं. रेल्वेने हाच प्रवास करायला आख्खी रात्र जाते.

(मागच्या बाकावरून कोणीतरी हात वर केलाय. "पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते ना? म्हणजे मुंबईसुद्धा हलतेच की!" शाब्बास. मुंबई सेकंदाला साधारण ४४० मीटर पूर्वेकडे सरकत असते. पण स्थानकाच्या सात किलोमीटरपुढे हे किरकोळच. तेव्हा मुंबईला आपण माफ करून टाकू.)

दिवसा ही धावपळ फारशी नडत नाही. उन्हात उजेड भरपूर, त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडलं तरी काम होतं. तेवढ्या वेळात स्थानक पुढे जातं सात मीटर. चारशे किलोमीटरवरून सात मीटरची हालचाल कोणाच्या डोळ्यांत येणार?

रात्री मात्र पंचाईत होते. रस्त्यावरचा दिवा तुमच्या-माझ्यासाठी कितीही लख्ख असला तरी चारशे किलोमीटर वर जाईपर्यंत त्याचा अगदी कणभर उजेड उरतो. तो गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. आणि जास्त वेळ उघडं ठेवलं, की तेवढ्यात आपलं स्थानक निघालंच पुढे!

घ्या वही-पेन्सिल. हे गणित इतकं सोपं आहे की सोडवलं नाहीत तर पश्चात्ताप होईल. स्थानकाची उंची ४०० किलोमीटर. अंतराळवीर शहरांचे जवळून फोटो काढायला वापरतात त्यांतली एक लेन्स असते ४०० मिलिमीटरची. जमला की नाही भागाकार? थेट खाली बघून फोटो काढला तर जमिनीवरचा एक किलोमीटर कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर एक मिलिमीटर होऊन बसतो. सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी पाटी. ती असते ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद. म्हणजे एका फोटोत ३६ गुणिले २४ किलोमीटरचा मुलूख येतो. कुलाबा ते दहिसर आहे त्याहून थोडं लांब, पण कॅमेरा तिरका धरला तर मुंबई कशीबशी मावते.

आता शटर ठेवा एक पंचमांश सेकंद उघडं. तेवढ्यात स्थानक जाणार जवळजवळ दीड किलोमीटर. म्हणजे चर्चगेट स्टेशनबाहेरचा एक दिवा फोटोत ओढला जाऊन थेट सीएसएमटीच्या पलीकडे पोचेल! सेन्सरवर ही रेघ होईल दीड मिलिमीटरची. दीड मिलिमीटर ऐकायला चिमुकलं वाटतं, पण सेन्सरच्या एका मिलिमीटरमध्ये उजेड मोजणारे शंभराहून जास्त ठिपके एका ओळीत बसलेले असतात. त्या सगळ्यांवर एकच दिवा सांडणार. आणि असे लाखो दिवे एकमेकांवर सांडले की मुंबईचं होतं पिवळं फराटं.

मग करायचं काय? एसटीच्या खिडकीत बसलेला कोणताही मुलगा याचं उत्तर देईल. लांबवर एखाद्या देवळाचा कळस दिसला आणि तो नजरेतून निसटू द्यायचा नसेल, तर बस पुढे जाताना आपण मान हळूहळू मागे वळवत राहतो. बस जेवढी पुढे, मान तेवढी मागे. अंतराळवीरही हेच करायचे. कॅमेरा हातात धरायचा, खालचं शहर भिंगातून पकडायचं आणि स्थानक पुढे पळेल तसा कॅमेरा मागे वळवत राहायचा. पण हात तो हात. कधी जास्त वळतो, कधी कमी. दहा फोटोंत एखादा बरा निघाला तर नशीब.

इथे आपल्या गोष्टीत येतात डॉन पेटिट.

पेटिट मूळचे अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले, शिक्षणाने रसायन अभियंते आणि स्वभावाने खटपटे. घरातल्या मिक्सरपासून घड्याळापर्यंत काहीही उघडून बघणारं माणूस प्रत्येक आळीत एक तरी असतंच. अशा माणसाला अंतराळात पाठवलं तर काय होईल? (पुढे एका मोहिमेत त्यांनी सूचनांच्या पुस्तकाचं प्लास्टिकचं पान वाकवून एक कप तयार केला. तिथे वजन जाणवत नाही, पेयं पिशवीतून नळीने ओढून प्यावी लागतात. पेटिटना मात्र कॉफी कपातूनच प्यायची होती! त्या कपाचं पुढे पेटंटही निघालं.)

नोव्हेंबर २००२ मध्ये ते पहिल्यांदा स्थानकावर गेले. काही महिन्यांत शटल यानाने परतायचं ठरलं होतं. पण १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे शटल यान परत येताना कोसळलं आणि त्यातले सातही अंतराळवीर दगावले. आपल्या कर्नालच्या कल्पना चावला त्यांच्यातच होत्या. अमेरिकेने सगळ्या शटल यानांची उड्डाणं थांबवली. पेटिट आणि त्यांचे दोन सहकारी वर अडकून पडले आणि मे महिन्यात रशियाच्या सोयुझ यानातून खाली आले.

या मुक्कामात पेटिटना रात्रीच्या शहरांनी वेड लावलं. फोटो फराटे होऊन निघत होते, आणि अंतराळात काही दुकान नाही की जाऊन हवं ते यंत्र आणावं. मग त्यांनी स्थानकावरच्या जुन्या सामानात हात घातला. एका मोठ्या आयमॅक्स सिनेमा कॅमेऱ्याची बैठक तिथे पडून होती, ती घेतली. एक लांब बोल्ट घेतला. आणि घेतलं बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन, अगदी आपल्याकडे सुतारकाका कपाट जोडताना वापरतात तसलं. या सगळ्याची त्यांनी मोट बांधली.

या जुगाडामागची युक्ती खगोलप्रेमींना जुनी माहीत आहे. दोन फळ्या एका कडेला बिजागरीने जोडायच्या. दुसऱ्या कडेला मधून बोल्ट घालायचा. बोल्ट फिरवला की वरची फळी अगदी हळू, अगदी एकसारखी उचलली जाते. त्या फळीवर कॅमेरा बसवला की तोही तसाच हळू, एकसारखा वळतो. जमिनीवरून ताऱ्यांचे फोटो काढणारे लोक पृथ्वीच्या फिरण्यावर मात करायला हेच वापरतात. पेटिटनी ते उलटं लावलं. त्यांना तारे धरून ठेवायचे नव्हते, खालची शहरं धरून ठेवायची होती. ड्रिल घुर्रर्र करत बोल्ट फिरवायचं, कॅमेरा मागे मागे वळायचा आणि स्थानक कितीही पळालं तरी खालचं शहर भिंगात जागच्या जागी. निघाला स्वच्छ फोटो! रस्ते वेगळे, चौक वेगळे, विमानतळ वेगळा.

मला विचाराल तर अंतराळ स्थानकावर नेलेल्या वस्तूंमध्ये त्या ड्रिल मशीनला मानाचं पान द्यायला हवं.

पुढे ही युक्ती रीतसर यंत्रात उतरली. २०१२ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने 'नाइटपॉड' नावाचा मोटर लावलेला स्टँड वर पाठवला. नेदरलँड्सचे अंतराळवीर आंद्रे कायपर्स यांनी तो बसवला. कॅमेरा त्यावर ठेवायचा, स्थानकाची उंची आणि वेग यांच्या हिशेबाने तो आपोआप वळत राहतो. गंमत म्हणजे तेव्हा पेटिटही दुसऱ्यांदा राहायला वर गेलेलेच होते!

हा स्टँड बसवला त्या जागेचं नाव 'क्युपोला'. हा इटलीत बांधलेला, सात खिडक्यांचा, बाहेर आलेला सज्जा आहे आणि तो पृथ्वीकडे तोंड करून असतो. सहा खिडक्या कडेने आणि मधोमध एक गोल, ८० सेंटिमीटर व्यासाची. २०१० मध्ये तो स्थानकाला जोडला गेला. प्रत्येक खिडकीला बाहेरून झडप आहे. अवकाशात भिरभिरणारे दगडाचे बारीक कण काचेवर आपटू नयेत म्हणून काम नसताना झडपा मिटून ठेवतात. बऱ्याच अंतराळवीरांची ही सगळ्यात आवडती जागा. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर राहून आले तेव्हा त्यांचेही या खिडक्यांतून पृथ्वी बघतानाचे फोटो आले होते. बघितले असतील तुम्ही.

रात्रीचा फोटो काढायचा तर आधी आतले दिवे बंद करायचे. नाहीतर काचेत शहराऐवजी स्वतःचंच नाक दिसतं! आतला उजेड येऊ नये म्हणून मागे काळं कापडही लावतात. आणि घड्याळावर विसंबून चालत नाही. स्थानकावरची घड्याळं ग्रीनिचच्या वेळेनुसार लावलेली असतात, पण खाली तर दर दीड तासाला एक दिवस आणि एक रात्र उलटते. अंतराळवीर दुपारी जेवत असतील तेव्हा खाली मध्यरात्र असू शकते. ती रात्रही अर्ध्या-पाऊण तासात संपते. त्यात ढग नकोत, आणि नेमकं हवं ते शहर वाटेत यायला हवं.

शिवाय कॅमेऱ्याला एक विचित्र दुखणं होतं. अवकाशातून येणारे वैश्विक किरण सेन्सरवर आदळतात आणि त्यातले काही ठिपके कायमचे बिघडवतात. मग ते ठिपके अंधारातही चमकत राहतात. भर समुद्रात एखादं गाव दिसावं तसे! म्हणून तिथले कॅमेरे अधूनमधून बदलावे लागतात.

एवढा खटाटोप करून दिसतं काय? पहिली गोष्ट दिसते ती रंग. रात्रीचे सगळे दिवे वरून सारखेच दिसत असतील असं वाटलं होतं ना? नाही. सोडियमचे दिवे पिवळे-नारिंगी दिसतात. पाऱ्याच्या वाफेचे दिवे निळसर-हिरवट दिसतात. जपानमध्ये अशा दिव्यांचा वापर खूप झाला, त्यामुळे पेटिटांच्या काळातल्या फोटोंत टोकियो निळसर-हिरवट झाक घेऊन बसलंय. एलईडी पांढरे. आपल्याकडेही गेल्या दहा वर्षांत पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे आले. मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये ते लावले तेव्हा मुंबईकरांनी केवढा आरडाओरडा केला होता! तुमच्या आई-बाबांना विचारा.

रंगांवरून इतिहासही ओळखू येतो. जर्मनीतल्या बर्लिन शहराच्या मधोमध एक भिंत होती. पूर्वेकडे एक देश, पश्चिमेकडे दुसरा. १९८९ मध्ये भिंत उघडली, पुढच्या वर्षी देश एक झाले. त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांनी, २०१२-१३ च्या सुमारास, स्थानकावरून बर्लिनचे फोटो काढले तर काय? पूर्व बर्लिन पिवळं आणि पश्चिम बर्लिन पांढरट! भिंत गेली तरी रस्त्यावरचे दिवे दोन्हीकडचे आपापले जुनेच राहिले होते.

सीमाही दिसतात. भारत आणि पाकिस्तान यांच्या सीमेवर आपण कुंपणाला प्रखर दिवे लावलेत. २०११ मध्ये स्थानकावरून काढलेल्या एका प्रसिद्ध फोटोत ही सीमा नारिंगी, वळणावळणाची रेघ होऊन चमकते. कोरियात तर उलटा चमत्कार. दक्षिण कोरिया लखलखतो, उत्तर कोरिया जवळजवळ काळा. त्याची राजधानी प्योंगयांग तेवढी एक ठिपका. २०१४ मधल्या फोटोत तो भाग इतका काळा आहे की तिथे समुद्र आहे असंच वाटतं आणि दक्षिण कोरिया बेट दिसू लागतं.

आणि खराखुरा समुद्र? तोही काळाच असतो असं नाही. थायलंडच्या आखातात हिरव्यागार दिव्यांचे पुंजके दिसतात. शहर नाही, बेट नाही, मग हे काय? त्या असतात माकूळ पकडणाऱ्या बोटी. (माकूळ म्हणजे काय ते कोकणातल्या मुलांना सांगायला नको!) हिरव्या उजेडाकडे समुद्रातले बारीक जीव येतात, त्यांना खायला छोटे मासे येतात, त्यांच्यामागे माकूळ येतं आणि जाळ्यात सापडतं. मुंबईच्या पश्चिमेलाही भर समुद्रात उजेड दिसतो. तिथे तुमच्या ओळखीचं काहीतरी आहे. मुंबई हाय! तेलाच्या विहिरींतून तेलाबरोबर वर येणारा थोडा वायू तिथे जाळून टाकतात, त्या ज्वाळा.

म्हणजे उजेड दिसला की तिथे माणसांची दाट वस्ती असलीच पाहिजे असं नाही, आणि अंधार दिसला म्हणजे कोणी राहत नाही असंही नाही. दिवा दिसतो तो दिवा असतो म्हणून. बाकी शोध आपण घ्यायचा.

आता तुम्ही कधीचा मनात ठेवलेला प्रश्न. दिवाळीत भारत अंतराळातून कसा दिसतो?

एक फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. दर दिवाळीला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. काळ्या पार्श्वभूमीवर आपला देश, आणि त्यात पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे. "दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत!" मामा पाठवतात, काकू पाठवतात, सोसायटीचे सेक्रेटरीही पाठवतात.

तो दिवाळीचा नाही. तो एका रात्रीचासुद्धा नाही! अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी बरीच वर्षं रात्रीचे दिवे टिपले होते. तिथल्या एका शास्त्रज्ञाने, ख्रिस एल्विज यांनी, त्यावरून हा नकाशा तयार केला. भारतात दिवे कसकसे वाढत गेले ते त्यात रंगांनी दाखवलंय. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे. १९९२ मध्ये दिसू लागले ते निळे, १९९८ मध्ये दिसू लागले ते हिरवे, २००३ मधले लाल. खरंतर दिवाळीच्या फोटोपेक्षा ही जास्त भारी गोष्ट आहे. कोणत्या गावात वीज आणि वस्ती कधी पसरली ते एका चित्रात समजतं. पण फॉरवर्ड करणाऱ्यांना कोण सांगणार?

मग खरा फोटो कुठे आहे? तोही आहे. २०१२ ची दिवाळी १३ नोव्हेंबरला होती. आदल्या रात्री, १२ नोव्हेंबरला, सुओमी एनपीपी नावाच्या उपग्रहाने आपल्या भागाचं चित्र घेतलं आणि नासाने ते प्रसिद्ध केलं. त्यात रंगबिरंगी काही नाही. नेहमीसारखीच शहरं, नेहमीसारखेच दिवे. दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अंतराळातून तो जाणवत नाही, असं नासाने तेव्हाच सांगून टाकलं.

असं का बरं? हा उपग्रह सुमारे ८२५ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि कोणत्याही गावावर येतो तो रात्री साधारण दीड वाजता. तेव्हा अंगणातल्या पणत्या विझलेल्या असतात आणि तुम्ही चकल्या खाऊन झोपलेले असता. त्याच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा पाऊण किलोमीटरचा चौकोन. त्या चौकोनातले रस्त्याचे, दुकानांचे, कारखान्यांचे दिवे रोजच जळतात. त्यांच्यापुढे आकाशकंदील काय आणि विजेच्या माळा काय! बरं, दिवाळीतली अमावास्या म्हणजे दिवे टिपायला उत्तम रात्र, कारण चंद्राचा उजेड मध्ये येत नाही. तरीही नाही दिसत.

सणांचे दिवे कधीच दिसत नाहीत, असं मात्र समजू नका. २०१४ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी याच उपग्रहाची कित्येक रात्रींची मोजमापं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. नाताळच्या दिवसांत अमेरिकेतल्या शहरांच्या आसपासचे भाग २० ते ५० टक्के जास्त उजळलेले निघाले. रमजानमध्ये कैरोसारखी शहरंही जास्त उजळतात, कारण तिथला सगळा दिनक्रमच रात्री चालतो. पण हे आकड्यांत सापडतं. नुसत्या डोळ्यांनी चित्र बघून नाही.

मुद्दाम अंतराळातल्या माणसाला दिसावेत म्हणून आख्ख्या गावाने दिवे लावले, असंही एकदा झालंय. गोष्ट आहे २० फेब्रुवारी १९६२ ची. जॉन ग्लेन हे अमेरिकेचे अंतराळवीर 'फ्रेंडशिप ७' या छोट्याशा यानात एकटे बसून पृथ्वीभोवती फिरत होते. त्यांच्या वाटेवर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पर्थ शहर येणार होतं. तिथे तेव्हा रात्र. एका बाजूला हिंदी महासागर, दुसऱ्या बाजूला शेकडो मैल ओसाड मुलूख. पर्थच्या लोकांनी ठरवलं, आपण दिवे बंद करायचे नाहीत! घरांतले, दुकानांतले, रस्त्यावरचे दिवे लावून लोक जागे राहिले. ग्लेन वरून गेले आणि त्यांना खालचा उजेड दिसला. पर्थजवळच्या मुचिया केंद्रात त्यांचे मित्र गॉर्डन कूपर रेडिओवर होते. त्यांना ग्लेन म्हणाले की दिवे छान दिसताहेत, लावणाऱ्या सगळ्यांना माझे आभार सांगा. पुढे १९९८ मध्ये ७७ वर्षांचे ग्लेन आजोबा पुन्हा अंतराळात गेले, तेव्हा पर्थने पुन्हा दिवे लावले.

आता जरा तक्रारही करतो. अंतराळातून काढलेल्या या फोटोंत मुंबई-पुण्यासारखी शहरं इतकी झगझगीत दिसतात याचा अर्थ काय? आपण जो उजेड रस्त्यावर पडावा म्हणून पैसे मोजतो, त्यातला बराचसा आकाशात जातोय! रस्त्यावरून उसळून, भिंतींवरून परतून, कधी दिव्याचं तोंडच वाकडं असल्यामुळे थेट. त्यामुळे आपल्याला तारे दिसत नाहीत हे झालंच. पण कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यातून बाहेर पडणारी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात. लाखो वर्षं तो उजेड समुद्रावरच असायचा. किनाऱ्यामागे प्रखर दिवे लागले की पिल्लं उलट्या दिशेला निघतात. म्हणून काही जागा जाणूनबुजून अंधाऱ्या ठेवायला हव्यात. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा मान मिळाला. भारतातला पहिलाच. तिथले दिवे बदलले, त्यांची तोंडं खाली वळवली. म्हणजे अंतराळवीरांना पेंच दिसत नाही, हीच पेंचची शान!

पेटिट आजोबांचं पुढे काय झालं? सप्टेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्थानकावर गेले. या खेपेला ताऱ्यांचे फोटो काढायला स्वतः तयार केलेलं आणखी एक यंत्र घेऊन! २० एप्रिल २०२५ रोजी ते कझाकस्तानात उतरले. त्या दिवशी त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता.

आता काम तुमच्याकडे. अंतराळवीरांनी काढलेले फोटो नासाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतात. मोठ्यांना सोबत घेऊन बसा. प्रत्येक फोटोला नंबर असतो. आधी 'आयएसएस', मग मोहिमेचा क्रमांक, मग 'ई' म्हणजे डिजिटल कॅमेरा, आणि शेवटी फोटोचा क्रमांक. पण एक घोळ आहे. फोटो काढला तेव्हा स्थानक कशाच्या वर होतं ते संगणकाला माहीत असतं, कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं ते माहीत नसतं. त्यामुळे रात्रीचे कितीतरी फोटो नाव-गावाशिवाय पडून असतात. २०१४ मध्ये माद्रिदच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी यासाठी साध्या लोकांची मदत मागितली आणि लोकांनी घरबसल्या शहरं ओळखून दिली.

मुंबई ओळखायची खूण सांगून ठेवतो. तीन बाजूंना काळं पाणी. नवी मुंबई आणि मुंबई यांच्यामध्ये काळी फट, ती ठाण्याची खाडी. समुद्रात सुटे ठिपके, ती बंदराबाहेर थांबलेली जहाजं. आणि उत्तरेकडे दिव्यांच्या ऐन गर्दीत एक भलामोठा काळा डाग. तिथे काय असेल? संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बिबट्यांचं घर.

मुंबई जमली की नागपूर, सोलापूर, कोल्हापूर शोधा. तिथे समुद्र नाही, त्यामुळे ते जास्त अवघड आहे. ढग नसलेला, न हललेला आणि तुमचं गाव असलेला फोटो सापडला, तर त्याचा नंबर आणि तुम्ही ते कशावरून ओळखलंत हे पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवा.